उजेड कुणाचा? सक्रिय दीर्घिकांमधला ताऱ्यांचा आणि कृष्णविवराचा हिशेब

आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एका ओळीत मांडता येतो. लांबची एखादी दीर्घिका भरपूर चमकताना दिसली, तर तो उजेड कुणाच्या खात्यावर मांडायचा? नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांच्या, की केंद्रातल्या कृष्णविवराच्या? ऐकायला सोपं वाटतं. पण गेली चाळीस-पन्नास वर्षं आम्ही खगोलशास्त्राची मंडळी ही वाटणी करत बसलो आहोत आणि ती अजून पुरती झालेली नाही. ती इतकी अवघड का, आणि ती करणं गरजेचं का, हे आज पाहू.

सुरुवातीलाच एक शंका येते. कृष्णविवर तर काळं, त्यातून प्रकाशही सुटत नाही. मग त्याचा उजेड कसला? तर हा उजेड कृष्णविवरात पडू घातलेल्या वायूचा असतो. वायू सरळ आत पडत नाही. मोरीच्या जाळीपाशी पाणी जसं गरगर फिरत खाली जातं, तसा तो आधी कृष्णविवराभोवती फिरत राहतो. त्याची एक चकती तयार होते, चकतीतले थर एकमेकांवर घासतात, तापतात आणि चमकू लागतात. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. चकतीतून पडणाऱ्या वायूच्या बाबतीत हे प्रमाण साधारण १० टक्के धरतात. म्हणून आपल्या सूर्यमालेएवढ्या जागेतून अख्ख्या दीर्घिकेला भारी पडेल इतका प्रकाश येऊ शकतो. ज्यांच्या केंद्रात हे जोरात चालू असतं, त्या सक्रिय दीर्घिका.

आता तारानिर्मिती. थंड वायूचे ढग आकुंचन पावतात आणि तारे जन्मतात. त्यातले मोठे तारे फार उष्ण, निळे आणि अल्पायुषी असतात, काही दशलक्ष वर्षांत संपून जातात. त्यामुळे असे तारे दिसले, की तिथे ‘आत्ता’ तारे जन्मत आहेत असं आम्ही समजतो.

अडचण इथेच सुरू होते. दोन्ही व्यवहारांना इंधन एकच लागतं, थंड वायू. दोघेही अतिनील किरण सोडतात, दोघेही आसपासची धूळ तापवतात, दोघांकडूनही क्ष-किरण आणि रेडिओ लहरी येतात. दूरच्या दीर्घिकेचा फोटो काढला, तर हे सगळं काही मोजक्या ठिपक्यांत एकत्र आलेलं असतं.

हे का सोडवायचं? विश्वाचा इतिहास या वाटणीवर उभा आहे म्हणून. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. तारे जन्मण्याचा आणि कृष्णविवरं वाढण्याचा, दोन्हींचा बहर साधारण १००० कोटी वर्षांपूर्वी होता, नंतर दोन्ही ओसरत गेलं. शिवाय २००० साली असं स्पष्ट झालं, की दीर्घिकेच्या मधल्या फुगीर भागातले तारे जितक्या वेगाने फिरतात, तितकं केंद्रातलं कृष्णविवर जड असतं. म्हणजे दोघांचं काहीतरी नातं आहे. आजचा प्रमुख अंदाज असा, की भडकलेलं कृष्णविवर आसपासचा वायू तापवतं किंवा उडवून लावतं आणि तारानिर्मितीला लगाम घालतं. हा अंदाज तपासायचा, तर एकाच दीर्घिकेत दोन आकडे हवेत: कृष्णविवर किती खातं आणि वर्षाला किती सूर्यांएवढे तारे जन्मतात. कृष्णविवराचा उजेड चुकून ताऱ्यांच्या खात्यावर गेला, तर विझत चाललेली दीर्घिका भरभराटीत दिसेल. आणि दोन्ही आकडे एकाच प्रकाशावरून काढले, तर त्यांच्यात नातं दिसणारच, कारण ते आपणच घातलेलं असेल.

वर्णरेषांची साक्ष

उदाहरणासाठी आपण एकच दीर्घिका हाताशी धरू. तिमिंगल तारकासमूहातली एनजीसी १०६८, म्हणजेच मेसिए ७७. अंतर साडेचार-पाच कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे विश्वाच्या मानाने शेजारीणच. १९०८ साली एडवर्ड फाथ यांनी लिक वेधशाळेत तिचा वर्णपट घेतला आणि त्यात तेजस्वी रेषा दिसल्या. साध्या ताऱ्यांच्या गर्दीतून अशा रेषा येत नाहीत, चमकणाऱ्या वायूतून येतात. १९४३ मध्ये कार्ल सेफर्ट यांनी अशा सहा दीर्घिकांचा नीट अभ्यास केला. आज ‘सेफर्ट दीर्घिका’ हे नाव त्यांच्यावरूनच आहे.

या रेषा कशा वाचायच्या? भात उतू जाऊन मिठाचं पाणी गॅसवर सांडलं, की ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याची अशी ठरावीक रंगांची ओळख असते. दीर्घिकेतल्या वायूत हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन असतात आणि त्यांना कुणीतरी ऊर्जा देऊन चमकवतं. ते ‘कुणीतरी’ कोण, हे कोणती रेषा किती जोरात आहे यावरून कळू शकतं.

हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. उष्ण तारे हे काम सहज करतात. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ लागतात. इथे ताऱ्यांची दमछाक होते, पण कृष्णविवराच्या चकतीला काहीच वाटत नाही, कारण तिच्या परिसरातून क्ष-किरणांपर्यंतचा मारा होत असतो. शिवाय क्ष-किरण ढगात खोलवर शिरतात. ताऱ्याभोवती तापलेल्या वायूला स्पष्ट कड असते; क्ष-किरणांमुळे मात्र कडेच्या पलीकडे एक जाड, अर्धवट तापलेला थर तयार होतो आणि त्या थरात नायट्रोजनची रेषा जोर धरते.

मग नुसता ऑक्सिजन बघून निकाल द्यावा का? नाही. ज्या दीर्घिकांत जड मूलद्रव्यं कमी असतात, तिथे वायू जास्त गरम राहतो आणि नुसत्या ताऱ्यांमुळेही ऑक्सिजनची रेषा भडक होते. हे दुधासारखं आहे. संकलन केंद्रावर नुसती डिग्री बघून भाव देत नाहीत. पाणी घातलं की डिग्री उतरते, साय काढली की चढते. दोन्ही उद्योग केले तर डिग्री जागच्या जागी! म्हणून फॅटही मोजतात. दोन मापं शेजारी ठेवली, की लबाडी उघडी पडते.

१९८१ मध्ये बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी नेमकं हेच केलं. आलेखाच्या उभ्या अक्षावर ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर रेषेचं हायड्रोजनच्या ४८६.१ नॅनोमीटर रेषेशी प्रमाण. आडव्या अक्षावर नायट्रोजनच्या ६५८.४ चं हायड्रोजनच्या ६५६.३ शी प्रमाण. जोड्या बघा कशा निवडल्या आहेत. दोन्ही रेषा रंगाने अगदी शेजारी. त्यामुळे वाटेतल्या धुळीने प्रकाश खाल्ला तरी दोघींचा सारखाच खाल्ला जातो आणि प्रमाण तसंच राहतं. आमच्यात या आलेखाला तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘बीपीटी’ म्हणतात.

पुढे स्लोन सर्वेक्षणातल्या लाखभराच्या आसपास दीर्घिका या आलेखावर मांडल्या गेल्या, तेव्हा पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी आकृती उमटली. डावा पंख तारानिर्मितीचा, उजवा कृष्णविवराचा. २००१ मध्ये लिसा क्युली आणि सहकाऱ्यांनी गणिताने एक सीमा काढली: नुसते तारे जास्तीत जास्त इथवरच नेऊ शकतात. २००३ मध्ये गिनेव्हरा काउफमान आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणांवरून दुसरी, अधिक कडक सीमा आखली. या दोन रेषांच्या मध्ये ज्या दीर्घिका येतात, त्या ‘मिश्र’. आणि आजचा विषय खरा त्या मधल्या पट्ट्याचा आहे.

मिश्र म्हणजे नक्की काय?

स्लोनमध्ये प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश एका काचतंतूतून घेत. त्याची आकाशातली रुंदी ३ विकला, पण दीर्घिका एखाद-दीड अब्ज प्रकाशवर्षं दूर असेल, तर तेवढ्यात तिचा सुमारे १८ हजार प्रकाशवर्षं रुंदीचा भाग मावतो. केंद्र, भोवतालचे तारे, सगळं एका भांड्यात. तीच दीर्घिका जवळ असती, तर फक्त केंद्र आलं असतं आणि निकाल वेगळा लागला असता. म्हणजे ‘मिश्र’ हा शिक्का कधी दीर्घिकेचा स्वभाव सांगतो, तर कधी नुसतं आपलं अंतर.

उपाय असा, की एका दीर्घिकेचे एकच नव्हे तर शेकडो वर्णपट घ्यायचे, प्रत्येक तुकड्याचा वेगळा. कॅलिफा, मांगा ही सर्वेक्षणं, चिलीतल्या अतिविशाल दुर्बिणीवरचं म्यूज हे उपकरण, ही सगळी याच कामाची. एकट्या मांगाने सुमारे १० हजार दीर्घिका अशा तपासल्या. एनजीसी १०६८ मध्ये केंद्रातून निघालेला शंकूसारखा झोत कृष्णविवराच्या बाजूला पडतो आणि केंद्राभोवती काही हजार प्रकाशवर्षं अंतरावरचं कडं तारानिर्मितीच्या बाजूला. एकाच दीर्घिकेत दोघेही शेजारी नांदताना दिसतात.

या नकाशांनी आणखी एक गैरसमज दूर केला. कमी ऊर्जेच्या रेषा दाखवणारा दीर्घिकांचा एक मोठा गट होता. १९८० मध्ये टिमोथी हेकमन यांनी त्याला ‘लायनर’ हे नाव दिलं. ही अशक्त कृष्णविवरं असावीत, असं पुष्कळांना वाटे. पण नकाशात या रेषा केंद्रापुरत्या नव्हत्या, अख्ख्या दीर्घिकेत पसरलेल्या होत्या. कृष्णविवर दिवा असेल, तर उजेड त्याच्यापासून दूर जाताना झपाट्याने मंदावायला हवा. इथे तसं नव्हतं. बऱ्याच लायनरमध्ये वायू चमकवणारे होते म्हातारे तारे, बाहेरचे थर टाकून उघडे पडलेले त्यांचे उष्ण गाभे. म्हणजे न नवे तारे, न कृष्णविवर. तिसराच कुणीतरी!

धुळीमागचा वाद

आतापर्यंतची सगळी साक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची होती. धूळ दाट असली तर ही साक्षच मिळत नाही. एनजीसी १०६८ चं केंद्र आपल्याकडून धुळीच्या जाड कड्यामागे आहे. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी परावर्तित होऊन आलेला ध्रुवीकृत प्रकाश वेगळा काढला आणि लपलेल्या केंद्राच्या रुंद रेषा त्यात दिसल्या. पडद्याआडचा दिवा दिसत नाही, पण समोरच्या भिंतीवरचा उजेड बघून दिवा कसा आहे ते कळतं, तसंच हे.

धूळ तापली की अवरक्त किरण सोडते. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने अवरक्त आकाश पाहिलं आणि सूर्याच्या एक लाख कोटी पट तेजस्वी अशा दीर्घिका समोर आल्या. त्यांचा जवळजवळ सगळा प्रकाश अवरक्त. आत आहे कोण? १९८८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की ही धुळीत पुरलेली, बाहेर पडू पाहणारी क्वेसार आहेत. इतरांचं म्हणणं होतं, की हा ताऱ्यांच्या जन्माचा भडका आहे.

निकालाला हवी होती धूळ भेदणारी साक्ष. १९९५ मध्ये आयएसओ ही अवरक्त वेधशाळा अवकाशात गेली. निऑनचे चार इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. सर्वसाधारण तारे तिथवर पोचत नाहीत. त्यामुळे या निऑनची अवरक्त रेषा दिसली, की कृष्णविवराचा पुरावा मिळाला. उलट बाजूला, काजळीत आणि गाड्यांच्या धुरात सापडणाऱ्या कर्बरेणूंचे पट्टे तारानिर्मितीच्या भागात ठळक असतात, पण कृष्णविवराच्या अगदी जवळ हे रेणू टिकत नाहीत. १९९८ मध्ये राइनहार्ड गेंझेल आणि सहकाऱ्यांनी पंधरा दीर्घिका या दोन मापांवर तपासल्या. सत्तर-ऐंशी टक्के प्रामुख्याने ताऱ्यांवर चालत होत्या आणि वीस-तीस टक्के कृष्णविवरावर. पण निदान निम्म्यांत दोन्ही होतं. ‘हे की ते’ असा वाद घालत असताना प्रश्न ‘किती हे आणि किती ते’ असा बदलून गेला.

आपल्या एनजीसी १०६८ चंही तसंच. अवरक्त निरीक्षणांवरून १९८०च्या दशकातच दिसलं होतं, की तिचा एकूण प्रकाश ताऱ्यांचं कडं आणि केंद्र यांच्यात जवळजवळ निम्मा-निम्मा वाटलेला आहे.

क्ष-किरण आणि रेडिओ

क्ष-किरण हा कृष्णविवराचा सर्वांत सरळ पुरावा मानतात. तारानिर्मितीतूनही ते येतात, पण सहसा मर्यादेत. क्ष-किरणांतलं तेज सूर्याच्या एकूण तेजाच्या पंचवीस-तीस कोटी पटींवर गेलं, तर ताऱ्यांवर भागवणं कठीण होतं. पण आडोसा फार दाट असेल, तर हा पुरावाही अडतो. एनजीसी १०६८ मध्ये आपल्याला कमी ऊर्जेचे थेट क्ष-किरण मिळतच नाहीत, इकडेतिकडे आपटून आलेले तेवढे मिळतात. नुसत्या क्ष-किरणांवर विसंबलं, तर हे कृष्णविवर आहे त्यापेक्षा खूपच दुबळं वाटेल.

रेडिओ लहरींना धुळीची पर्वा नसते. मोठे तारे मरताना स्फोट होतो, त्यात वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात रेडिओ लहरी सोडतात. हेच मोठे तारे जिवंतपणी धूळ तापवतात. त्यामुळे तारानिर्मितीच्या दीर्घिकांमध्ये रेडिओ आणि अवरक्त तेजाचं प्रमाण आश्चर्य वाटावं इतकं ठरलेलं असतं. हे १९८५ मध्ये स्पष्ट झालं. एखाद्या दीर्घिकेत रेडिओ तेज या प्रमाणापेक्षा बरंच जास्त निघालं, तर जादाचं खातं कृष्णविवराचं. नारायणगावजवळ खोडदची आपली जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश असलेली, अशा कामाला फार उपयोगी पडते, कारण कमी वारंवारतेला ही जुन्या इलेक्ट्रॉनांची चमक ठळक दिसते. पण इथेही उलट निष्कर्ष काढता येत नाही. जादा रेडिओ नाही, म्हणून कृष्णविवर नाही असं होत नाही. बहुतेक सक्रिय दीर्घिका रेडिओत शांतच असतात.

मग हिशेब कसा जुळवायचा?

वरचं सगळं एकत्र ठेवा. प्रत्येक साक्षीदार खरं सांगतो, पण त्याला सगळं दिसलेलं नसतं. म्हणून आज आम्ही एका दीर्घिकेचा क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंतचा प्रकाश एकत्र मांडतो. कृष्णविवराजवळची धूळ हजार अंशांच्या वर तापलेली, तारानिर्मितीची धूळ उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड. त्यामुळे त्यांचे उंचवटे वेगवेगळ्या तरंगलांबीला येतात. संगणक ताऱ्यांचा, थंड धुळीचा आणि चकतीचा वाटा कमी-जास्त करत बेरीज निरीक्षणाशी जुळवतो. महत्त्वाचं पथ्य एकच: कृष्णविवराचा आकडा ज्या प्रकाशावरून काढला, त्याच प्रकाशावरून ताऱ्यांचा काढायचा नाही.

काळाचाही फरक ध्यानात ठेवावा लागतो. हायड्रोजनची रेषा गेल्या कोटभर वर्षांतली तारानिर्मिती सांगते, अवरक्त प्रकाश दहाएक कोटी वर्षांतली. कृष्णविवराची चमक काही महिन्यांतही बदलते. त्यामुळे आज शांत दिसणारं कृष्णविवर काल वायू उडवून गेलेलं असू शकतं. एकेका दीर्घिकेवरून ‘लगाम घातला’ किंवा ‘घातला नाही’ असं म्हणता येत नाही. हजारोंच्या सरासरीतच ते नातं दिसतं.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये जेम्स वेब दुर्बीण गेली आणि ही गुंतागुंत आणखी वाढली. सुरुवातीच्या विश्वात जड मूलद्रव्यं कमी होती, नायट्रोजन थोडा. त्यामुळे तिथली कृष्णविवरं बीपीटी आलेखात डावीकडे सरकतात आणि ताऱ्यांच्या घोळक्यात मिसळून जातात. जवळच्या विश्वासाठी आखलेल्या सीमा तिथे चालत नाहीत. सध्या गाजणारे ‘छोटे लाल ठिपके’ याचं उत्तम उदाहरण. हायड्रोजनच्या रुंद रेषा सांगतात, वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो आहे, म्हणजे कृष्णविवर असणार. पण बहुतेकांतून क्ष-किरण मात्र येत नाहीत. सगळा प्रकाश ताऱ्यांचा मानला, तर इतक्या लवकर इतके तारे आले कुठून, असा पेच पडतो. कृष्णविवराचा मानला, तर इतकी जड कृष्णविवरं इतक्या लवकर कशी, हा पेच. वाटणी कशी करतो, यावर पहिल्या शंभर कोटी वर्षांचा इतिहास ठरणार आहे.

श्रोत्यांचा प्रश्न: आपल्या आकाशगंगेचं काय?

छान प्रश्न. आपल्या केंद्रात सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं कृष्णविवर आहे, पण सध्या जवळजवळ उपाशी. वर्षाला एक-दोन सूर्यांएवढे तारे जन्मतात. लांबून कुणी आपला वर्णपट घेतला, तर शिक्का बसेल ‘तारानिर्मिती’चा. पण २०१० मध्ये फर्मी या गॅमा-किरण दुर्बिणीच्या नोंदींत आकाशगंगेच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं उंचीचे दोन फुगे सापडले. ते कुणी फुगवले? काही दशलक्ष वर्षांपूर्वी भडकलेल्या कृष्णविवराने, की केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या स्फोटांनी? दोन्ही बाजूंनी जोरात मांडणी चालू आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरचा प्रश्न आपल्या स्वतःच्या अंगणातही तसाच उभा आहे, आणि इथेही तो एका साक्षीदाराच्या जोरावर सुटणार नाही.